लाखांची फी घेणाऱ्या बी-स्कूलला आणखी मदत कशाला?

१. प्रश्न रास्त आहे

एमबीएच्या कॉलेजला मदत करा, असं आवाहन कानावर आलं की बहुतेकांच्या मनात एकच शंका येते. ज्यांची फी लाखांत, ज्यांच्या पोरांचे पगार लाखांत, त्यांना आपण कशाला द्यायचं? त्यापेक्षा गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेचं गळकं छप्पर दुरुस्त करून द्यावं. माजी विद्यार्थ्यांच्या तोंडी याच शंकेचं दुसरं रूप असतं: आम्ही फी भरली, अभ्यास केला, पदवी घेतली, हिशेब मिटला. आता पुन्हा देणं कसलं?

दोन्ही शंका रास्त आहेत आणि त्यांना भावनेने उत्तर देण्यात अर्थ नाही. आधी एवढं पाहू की बी-स्कूल नावाची एकच एक वस्तू नसते. एखादी खाजगी संस्था स्वतःची इमारत बांधते, शुल्क नियामक प्राधिकरणाकडून फी ठरवून घेते आणि धंद्यासारखी चालते. तिची गोष्ट वेगळी. विद्यापीठाची स्वतःची व्यवस्थापनशाळा हा निराळा प्रकार आहे. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट स्टडीज हे त्याचं सर्वांत परिचित उदाहरण. १९६५ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या व्यवस्थापनशाळेच्या सहकार्याने ती सुरू झाली. चर्चगेटला, बँका आणि कंपन्यांच्या कचेऱ्यांच्या मधोमध तिची इमारत आहे. उदय कोटक, अजय पिरामल, हिंदुस्थान युनिलिव्हरचे प्रमुख राहिलेले नितीन परांजपे ही मंडळी तिथलीच. पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापन विभागही याच जातीचा. अशा शाळेत प्रवेश राज्याच्या सामायिक परीक्षेतून होतो, आरक्षण लागू असतं, फी स्वतःच्या मर्जीने वाढवता येत नाही, आणि एखादं यंत्र घ्यायचं तरी निविदा काढावी लागते. अनेक विद्यापीठ विभागांत मंजूर असलेली प्राध्यापकांची पदं वर्षानुवर्षं रिकामी राहतात, हे महाराष्ट्रात कुणाला नव्याने सांगायला नको.

म्हणजे ‘हिशेब मिटला’ हे पूर्ण खरं नाही. अशा शाळेत शिकलेल्याने जी फी भरली तिच्यात चर्चगेटच्या जागेचं भाडं नव्हतं, आणि त्याच्या आधीच्या तुकड्यांनी पदवीला मिळवून दिलेल्या नावाची किंमत तर नव्हतीच. जिल्हा परिषदेच्या शाळेचा मुद्दा अधिक अवघड आहे. एखाद्याकडे वर्षाला हजारच रुपये द्यायला असतील आणि एकच जागा निवडायची असेल, तर त्याने छप्पर निवडावं. त्यात काही चूक नाही. पण मदत म्हणजे नुसते रुपये नव्हेत. एखाद्या वित्त व्यवस्थापकाला खेळत्या भांडवलाबद्दल जे कळतं त्याचा तिसरीच्या वर्गाला काय उपयोग? व्यवस्थापनाच्या वर्गात मात्र त्याचे तीन तास पुस्तकाच्या तीन प्रकरणांपेक्षा मोलाचे ठरू शकतात. तेव्हा ‘द्यावं की नाही’ यापेक्षा ‘कोणती मदत खरोखर लागू पडते’ हा प्रश्न आधी सोडवायला हवा. माझं म्हणणं असं की मदतीचं मोल तिच्या आकड्यावर ठरत नाही. ती पुढच्या वर्षीही येईल का, आणि ती कशी वापरायची हे शाळेला स्वतः ठरवता येईल का, या दोन कसोट्यांवर ते ठरतं. पुढची सगळी चर्चा या दोन कसोट्यांभोवती आहे.

२. इमारतीवरचं नाव

शिक्षणसंस्थेला मदत म्हटलं की पहिल्यांदा इमारत आठवते, आणि मुंबईत तर आठवणारच. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं तेव्हा त्याला स्वतःची वास्तू नव्हती. दीक्षान्त सभागृहासाठी सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी एक लाख रुपये दिले. ग्रंथालयासाठी आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये दोन-दोन लाख दिले. मनोऱ्याला त्यांच्या आईचं, राजाबाईंचं, नाव दिलं गेलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तेव्हा मुंबईचा कापूस सोन्याच्या भावाने जात होता. युद्ध संपलं, १८६५ मध्ये बाजार कोसळला आणि प्रेमचंदही कोसळले. मनोरा मात्र पुढे बांधला गेला आणि १८७८ मध्ये पूर्ण झाला. व्यापाऱ्यांनी विद्यापीठाला हात देण्याची आपल्याकडची परंपरा ही अशी जुनी आहे. ती अमेरिकेकडून उसनी आणलेली नाही.

व्यवस्थापनशाळांच्या बाबतीत मात्र वाट अमेरिकेनेच पाडली. फिलाडेल्फियातल्या जोसेफ व्हार्टन या उद्योगपतीने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला एक लाख डॉलर दिले आणि १८८१ मध्ये विद्यापीठाच्या आवारातली पहिली व्यवस्थापनशाळा उभी राहिली. हार्वर्ड बिझनेस स्कूल १९०८ मध्ये निघालं खरं, पण त्याला स्वतःचा परिसर मिळाला तो जॉर्ज बेकर या बँकरमुळे. त्यांच्याकडे दहा लाख मागायला गेले होते; त्यांनी कळवलं की तुकड्यात आपल्याला रस नाही, द्यायचे तर सगळे पन्नास लाख डॉलर आपणच देऊ. ते साल १९२४. शिकागोच्या शाळेला डेव्हिड बूथ या माजी विद्यार्थ्याने २००८ मध्ये तीस कोटी डॉलर दिले आणि शाळेचं नावच बूथ झालं. २०१० मध्ये टाटा समूहाच्या कंपन्या आणि न्यासांनी हार्वर्ड बिझनेस स्कूलला पाच कोटी डॉलर दिले, तेव्हा आपल्याकडे थोडी कुरकुरही झाली की हा पैसा इथल्या एखाद्या विद्यापीठाला का नाही. कुरकुर अगदीच अनाठायी नव्हती.

इमारतीची अडचण अशी की ती म्हैस भेट देण्यासारखी असते. दावणीला बांधून देणारा हार-तुरे घेऊन जातो, वैरण रोज घरच्यांनी घालायची. वातानुकूलन, लिफ्ट, सफाई, गळती, वीज हा खर्च देणगीपत्रात नसतो. खाजगी शाळा तो फीत घालून वसूल करते. विद्यापीठाच्या विभागाला ती वाट मोकळी नसल्याने नव्या सभागृहाच्या विजेचं बिल शेवटी ग्रंथालयाच्या तरतुदीतून निघतं. म्हणून इमारत देणाऱ्याने तिच्यासोबत देखभालीचा वेगळा निधी दिला तरच ती पहिल्या कसोटीवर टिकते.

नावाबद्दल एक अनोखा प्रयोग सांगण्याजोगा आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या व्यवस्थापनशाळेला २००७ मध्ये तेरा माजी विद्यार्थ्यांनी मिळून साडेआठ कोटी डॉलर दिले. अट एकच: किमान वीस वर्षं शाळेला कुणाही व्यक्तीचं नाव द्यायचं नाही. शाळेचं नाव विस्कॉन्सिनच राहील. तेरा श्रीमंत माणसांनी एकत्र येऊन पाटीवरून स्वतःचं नाव काढून ठेवलं, हे दानशूरपणाइतकंच व्यवहारी शहाणपणाचं होतं. एका नावाला बांधलेली शाळा पुढे त्या नावाच्या सुखदुःखालाही बांधली जाते, आणि दुसऱ्या कुणाला मोठी देणगी द्यायची असेल तर नावाची जागा आधीच भरलेली असते. अर्थात नाव मागणं गैर आहे असं नाही. माणसं नावासाठी देतात, आणि तसं देणंही देणंच असतं. फक्त शाळेने वर्गखोली, शिष्यवृत्ती, अध्यासन यांना नाव द्यावं आणि स्वतःचं नाव शक्यतो विकू नये.

३. एक कोटी आणि एक हजार

आता निधीकडे वळू. कायम निधी म्हणजे असा पैसा की ज्याचं मुद्दल मोडायचं नाही, फक्त उत्पन्न वापरायचं. अहमदाबादच्या आयआयएमने २०२० मध्ये दहा माजी विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने असा निधी सुरू केला. सुरुवातीची वचनं शंभर कोटींची होती. ऐकायला हे सगळं फार मोठं वाटतं आणि साधारण पगारदार माजी विद्यार्थ्याला वाटतं की हे आपलं काम नव्हे. इथे थोडं गणित करून पाहावं.

समजा शाळेकडे एक कोटीचा कायम निधी आहे आणि त्यावर वर्षाला आठ टक्के मिळतात. म्हणजे आठ लाख. पण हे आठही लाख खर्च केले तर मुद्दल एक कोटीच राहील आणि महागाई त्याला खात जाईल. महागाई पाच टक्के धरली तर पाच लाख मुद्दलात परत टाकायला हवेत, तेव्हा कुठे निधीची खरेदीशक्ती आहे तेवढी राहील. खर्चायला उरले तीन लाख. एक कोटीच्या देणगीचं खरं वार्षिक दूध एवढंच.

आता दुसरीकडून पाहा. वर्षाला १२० विद्यार्थी बाहेर पडणाऱ्या शाळेचे पंचवीस वर्षांत तीन हजार माजी विद्यार्थी होतात. त्यांतल्या दहातल्या एकाने, म्हणजे तीनशे जणांनी, दरवर्षी फक्त हजार रुपये दिले तर होतात तीन लाख. तीनशे पगारदार माणसांचे हजार-हजार रुपये हे एक कोटीच्या निधीच्या तोडीचे आहेत, बशर्ते ते दरवर्षी येत राहतील आणि महागाईच्या मानाने दरवर्षी पन्नासेक रुपयांनी वाढतील. या हिशेबात सगळी गोम ‘दरवर्षी’ या शब्दात आहे.

यावर आक्षेप असा की कोटीचा निधी बँकेत पडून राहतो, तीनशे माणसं मात्र विसरतात, नोकऱ्या बदलतात, पत्ता बदलतात. खरं आहे. म्हणूनच दरवर्षी आठवण करणारा, पावती वेळेवर पाठवणारा, पैसे कुठे गेले ते सांगणारा एक पूर्णवेळ माणूस शाळेकडे लागतो, आणि त्याचा पगार हीच माजी विद्यार्थी संघटनेने द्यायची पहिली मदत आहे. आपल्याकडे हे काम एखाद्या प्राध्यापकाच्या गळ्यात जादा जबाबदारी म्हणून बांधलं जातं आणि मग मूल्यांकनाची समिती यायच्या सुमारास मेळावा भरतो, फोटो निघतात, समोसे खाल्ले जातात. नॅकच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला गुण आहेत. मेळाव्याचं टायमिंग बऱ्याचदा त्यावरून समजतं.

परदेशातल्या माजी विद्यार्थ्यांसाठी एक तांत्रिक बाब. अमेरिकेत किंवा आखातात राहणाऱ्या, पण भारतीय नागरिक असलेल्या माणसाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे विदेशी देणगी धरले जात नाहीत. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं की, जवळ ओसीआय कार्ड असलं तरी, तीच रक्कम विदेशी देणगी ठरते. मग घेणाऱ्या संस्थेला कायद्याने सूट नसेल तर परवानगी लागते आणि पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यात यावा लागतो. न्यू जर्सीतल्या भल्या माणसाचा धनादेश म्हणून कधीकधी महिनोन्महिने लटकतो. त्यात विभागप्रमुखाचा दोष नसतो.

४. कंपनीचे दोन टक्के

कंपन्यांकडे पैसा येतो तो बहुधा सामाजिक दायित्वाच्या, म्हणजे सीएसआरच्या वाटेने. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ सांगतं की ज्या कंपनीचं नक्त मूल्य ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा पाच कोटी याहून कमी नाही, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावेत. म्हणजे तीन वर्षांचा सरासरी नफा दहा कोटी असलेल्या चाकणच्या एखाद्या सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीवर वीस लाखांची जबाबदारी येते. शिक्षण हा त्या यादीतला मान्य विषय आहे.

दोन गोष्टी मात्र फारशा लक्षात घेतल्या जात नाहीत. कॉलेजच्या महोत्सवात आपला फलक लावण्यासाठी दिलेले पैसे सीएसआर ठरत नाहीत. मालाच्या जाहिरातीच्या फायद्यासाठी केलेलं प्रायोजकत्व नियमांनी वगळलं आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. २०२१ च्या दुरुस्तीनंतर सीएसआरचा पैसा कुठल्याही संस्थेच्या कायम निधीत टाकलेला चालत नाही. तो प्रत्यक्ष कामावर खर्चच झाला पाहिजे. यातून कामाची वाटणी आपोआप होते. निधी माजी विद्यार्थ्यांनी बांधावा. कंपन्यांनी शिष्यवृत्ती, ग्रंथालयातल्या माहितीसंचांची वर्गणी, ग्रामीण भागातून आलेल्या मुलांची वसतिगृहं असे चालू खर्च उचलावेत, आणि एका वर्षासाठी नव्हे तर तीन वर्षांच्या चालू प्रकल्पाचा करार करून. कायदा अशा बहुवार्षिक प्रकल्पाला जागा देतो. एका वर्षाच्या शिष्यवृत्तीवर दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या मुलाचं दुसरं वर्ष कसं जातं, याचा विचार देणाऱ्याने करायला हवा.

५. पैशापेक्षा महाग वस्तू

खरी दुर्मिळ वस्तू आहे अनुभवी माणसाचा वेळ आणि कंपनीच्या वह्या.

वेळेपासून सुरुवात करू. बजाज इन्स्टिट्यूटसारख्या शाळेचा लौकिक वाढण्यात एक साधी भौगोलिक गोष्ट कामी आली: कचेरीतून उठून माणूस चालत वर्गात जाऊ शकत होता. तिथले नोकरदारांसाठीचे संध्याकाळचे अभ्यासक्रमही त्याच सोयीवर उभे आहेत. उद्योगातल्या माणसांनी शिकवण्याला आता अधिकृत वाटही आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ हे पद आणलं. किमान पंधरा वर्षांचा कामाचा अनुभव असलेल्या माणसाला, पीएचडी नसली तरी, यावर नेमता येतं. अशी पदं मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंतच असू शकतात आणि नेमणूक साधारणपणे तीन वर्षांपर्यंत, अपवादाने आणखी एक वर्ष. पगार उद्योगाने द्यावा, संस्थेने द्यावा किंवा माणसाने मानद काम करावं, असे तिन्ही पर्याय आहेत. एखाद्या कंपनीने आपला तज्ज्ञ अधिकारी दोन वर्षं पगार देऊन शाळेकडे पाठवला तर शाळेला शिक्षक मिळतो.

याला प्राध्यापक वर्गातून जो विरोध होतो तो निव्वळ स्वार्थी नाही. त्यांचं म्हणणं असं की ही पदं मंजूर पदांच्या वर असली तरी सरकारला एकदा कळलं की काम भागतंय, तर कायम पदं भरायची निकड आणखी कमी होईल. ही भीती खरी आहे. म्हणून माजी विद्यार्थ्यांनी वर्ग घेताना रिकाम्या पदांबद्दल बोलणंही सोडू नये. शिवाय कंपनीतला प्रत्येक मोठा अधिकारी चांगला शिक्षक असतो असंही नाही. एका व्याख्यानापुरता येऊन ‘माझा प्रवास’ सांगून जाणारे पाहुणे शाळांना हवे तितके मिळतात. त्यातून मुलांच्या हाती सेल्फीशिवाय फारसं काही लागत नाही. संपूर्ण सत्र घेणारा, उत्तरपत्रिका तपासणारा, कमी गुणांबद्दल भांडायला आलेल्या मुलाला समजावणारा माणूस हवा असतो, आणि तो मिळवणं महाकठीण.

वह्यांची गोष्ट याहून रंजक आहे. व्यवस्थापनाच्या वर्गात ‘केस’ शिकवतात. केस म्हणजे एखाद्या खऱ्या व्यवसायाच्या पेचाचं दहा-पंधरा पानांचं वर्णन, आकड्यांसकट; आणि ते अशा ठिकाणी थांबवलेलं असतं की मालकाने आता निर्णय घ्यायचा आहे. मुलं ते आदल्या रात्री वाचतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात एकमेकांशी वाद घालतात. ही पद्धत हार्वर्डने रुजवली आणि १९६१ मध्ये स्थापन झालेल्या अहमदाबादच्या आयआयएमने, हार्वर्डच्या मदतीने, आपल्याकडे आणली. पण विद्यापीठांच्या बहुतेक वर्गांत आजही अमेरिकन कंपन्यांच्याच केसेस फिरतात, कारण तयार मिळतात. इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याची केस मिळत नाही.

मिळाली तर कशी असेल? समजा एक खर्चीवाला आहे, म्हणजे व्यापाऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणारा. त्याच्याकडे चोवीस साधे माग आहेत. ते भंगारात काढून कर्जावर थोडे आधुनिक माग घ्यावेत का, हा त्याचा पेच. वीजबिल, कामगारांची पाळी, व्यापाऱ्याकडून मजुरी किती दिवसांनी येते, बँकेचा हप्ता, मुलगा या धंद्यात येणार की पुण्याला आयटीत जाणार, हे सगळं त्यात असतं. वित्त, विपणन, मनुष्यबळ आणि घरगुती राजकारण एकाच पेचात. मात्र ही केस लिहायची तर त्याने वह्या उघडायला हव्यात, आणि धंद्यातला माणूस वह्या उघडायला घाबरतो. स्पर्धक बघतील, कर खातं बघेल, भाऊबंद बघतील.

याला केस लिहिणाऱ्यांकडे जुना उपाय आहे. सगळे आकडे एका गुप्त गुणकाने गुणायचे. खऱ्या वहीत वर्षाची मजुरी ९० लाख, खर्च ८१ लाख आणि शिल्लक ९ लाख असेल, तर गुणक १.४ धरून केसमध्ये १२६ लाख, ११३.४ लाख आणि १२.६ लाख छापायचे. शिल्लक दोन्हीकडे दहा टक्केच. मुलांना जे गणित शिकायचं ते तसंच राहतं आणि मालकाची खरी उलाढाल कुणाला कळत नाही. विजेच्या दरासारखे सर्वांना माहीत असलेले आकडे बदलता येत नाहीत, तिथे युनिट बदलायचे. गाव बदलायचं, नाव बदलायचं. शेवटी मालकाने मसुदा वाचून परवानगीच्या पत्रावर सही करायची. ती सही नसेल तर केस कितीही उत्तम असो, कपाटातच राहते. म्हणजे मालकाला द्यायच्या आहेत तीन-चार बैठका, दोन वर्षांच्या वह्या आणि एक सही. एक पैसाही नाही.

आणखी एक मागणं आहे, ते कंपन्यांना जास्त जड जातं. केस द्यायला तयार झालेली कंपनी बहुतेकदा आपल्या यशाची द्यायला बघते. पण जिथे नवा माल बाजारात आपटला, चुकीच्या माणसाला वितरक नेमलं, उधारी बुडाली, तिथे शिकण्यासारखं असतं. पाच-सात वर्षांपूर्वीचा आणि आता जखम भरलेला फसलेला निर्णय द्यावा. त्यात कुणाची अब्रू जात नाही, आणि त्या चुकीचा खर्च आधीच होऊन गेलेला असतो.

६. नोकरी देणं म्हणजे मदत?

कंपन्यांच्या दृष्टीने त्यांची सर्वांत मोठी मदत म्हणजे आवारात येऊन मुलांना नोकरी देणं. ही समजूत सोडलेली बरी. निवडून घेतलेल्या मुलांसाठी पगार मोजणं ही खरेदी आहे. ती चांगली गोष्ट आहे, पण मदत नाही. त्यात मदतीचा भाग येतो तो मंदीच्या वर्षी. बाजार पडला तरी चार मुलं घ्यायला येणारी कंपनी आणि दिलेली नेमणूकपत्रं परत न घेणारी कंपनी, या दोघी खऱ्या आधाराच्या.

उन्हाळी प्रशिक्षणाचं तसंच. आठ आठवडे मुलगा कंपनीत असतो. त्याला आधीच निकाल लागलेल्या अहवालाची पानं भरायला लावली तर दोघांचाही वेळ फुकट. नेमका एक प्रश्न, तो सोडवायला लागणारी माहिती आणि आठवड्यातून दोन तास बसणारा एक वरिष्ठ एवढं दिलं की पुरे. जून संपता संपता त्या मुलाच्या अहवालातलं निदान एखादं पान कंपनी वापरते.

७. मग अभ्यासक्रम कंपन्यांचाच होणार?

सगळ्यात गंभीर आक्षेप हा. जो पैसा देतो तो पुढे म्हणतो की अमुक शिकवा, तमुक शिकवू नका. त्याच्या कंपनीवर टीका करणारं संशोधन दडपलं जातं. त्याच्या पुतण्याचा प्रवेश होतो. जगभर विद्यापीठांत या गोष्टींवरून वाद झाले आहेत आणि होत राहतील. यावर ‘देणगीदार सज्जन आहेत’ हे उत्तर चालत नाही, कारण सज्जनाचाही जावई असतो.

उत्तर करारातच असावं लागतं. प्रवेश, परीक्षा, शिक्षकांची निवड आणि संशोधनाचे निष्कर्ष या चार गोष्टींत देणाऱ्याला शब्द नाही, असं करारात स्पष्ट लिहायचं. विषय सुचवायला हरकत नाही. गोदामांचं व्यवस्थापन शिकवा, असं एखाद्या मालवाहतूक कंपनीने सुचवलं तर तिला ती गरज खरोखर दिसत असेल. पण तो विषय शिकवायचा की नाही आणि कुणी, हे शाळेचं मंडळ ठरवेल. कंपनीच्या माहितीवर लिहिलेला शोधनिबंध छापण्यापूर्वी कंपनीला महिनाभर पाहू द्यावा, गोपनीय आकडे झाकायला. छापू नका म्हणायचा हक्क देऊ नये. शिवाय एकाच कंपनीवर शाळेचा फार मोठा खर्च अवलंबून असू नये. तीनशे माणसांचे हजार रुपये इथे पुन्हा उपयोगी पडतात: त्यांतला कुणी एक रुसला तर शाळेचं काही अडत नाही, म्हणून त्याच्या पुतण्यासाठी कुणाला मान तुकवावी लागत नाही.

एक उलटी बाजूही सांगायला हवी. उद्योगाला दूर ठेवलेली शाळा आपोआप स्वतंत्र होत नाही. तिथे वीस वर्षांपूर्वीच्या टिपणांतून शिकवणारा शिक्षक स्वतंत्र असतो, एवढंच.

८. विद्यापीठाच्या फायली

शेवटचा आक्षेप अनुभवी माजी विद्यार्थ्यांचा: देऊ हो, पण विद्यापीठाला दिलेला पैसा विभागापर्यंत पोहोचतो कुठे? विभागासाठी दिलेली रक्कम विद्यापीठाच्या सर्वसाधारण खात्यात जाते आणि तिथून ती सोडवायला प्रस्ताव, लेखा विभाग, समिती असा प्रवास होतो. यावर दोन मार्ग आहेत. देताना देणगीपत्रात विभागाचं नाव, हेतू आणि वार्षिक हिशेबाची अट लिहून घ्यायची. किंवा माजी विद्यार्थ्यांनी स्वतःचा नोंदणीकृत न्यास करून खर्च थेट भागवायचा. दुसरा मार्ग जलद आहे, पण विस्तव हाती धरण्याचा आहे: न्यासाचे विश्वस्तच हळूहळू शाळा चालवू लागतात आणि दुसरी कसोटी मोडते. मला पहिला मार्ग, तो कितीही कंटाळवाणा असला तरी, बरा वाटतो.

फायली हलवण्याची एक फुकट वाट मात्र बहुतेकांनी न चालता सोडलेली आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांतून दहा सदस्य निवडून जातात. मतदार होण्यासाठी नाव नोंदवावं लागतं आणि निवडणुकीच्या दिवशी जाऊन मत द्यावं लागतं. विद्यापीठाचा अर्थसंकल्प अधिसभेपुढे येतो. व्यवस्थापन विभागाची किती पदं रिकामी आहेत आणि मागच्या वर्षीच्या देणग्यांतले किती रुपये खर्चाविना पडून आहेत, हे तिथे उभं राहून विचारता येतं आणि प्रशासनाला सभागृहात उत्तर द्यावं लागतं.